पटलं, की थकली?

ताईचं म्हणणं साधं होतं. एखाद्या विचाराला तत्त्वज्ञान म्हणायचं तर तो कुणाचा तरी विचार असायला हवा. तो खोडून काढणारा दुसरा कुणी हवा, आणि पहिल्याने त्याला उत्तर द्यायला हवं. 'आमचे पूर्वज असं मानत' हे वाक्य कितीही गोड असो, ते मानववंशशास्त्रात शोभतं. तत्त्वज्ञानाच्या वर्गात यायचं तर त्याने उभं राहून प्रश्न झेलले पाहिजेत.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. तिची सगळी नोकरी विदर्भातल्या कॉलेजांत तत्त्वज्ञान शिकवण्यात गेली. तिचा एक जुना विद्यार्थी आता अभ्यास मंडळावर आहे. एम. ए.ला 'आदिवासी तत्त्वज्ञान' असा पेपर ठेवावा का, हे विचारायला त्याने फोन केला आणि ताईने फोनवरच नाही म्हणून टाकलं. नेमकी तेव्हा मनू तिथेच बसली होती. मनू माझी मुलगी, वकील. गडचिरोली जिल्ह्यातल्या ग्रामसभांचे सामूहिक वनहक्काचे दावे तयार करून देते. पुढचं बोलणं मी आठवेल तसं उतरवलं आहे. मी कुणाची बाजू घेतलेली नाही असा माझा समज आहे. दोघींनाही तो मान्य नाही.

मनू : म्हणजे ज्यांनी लिहून ठेवलं नाही त्यांना विचारच नव्हता?

ताई : असं कधी म्हटलं मी? सॉक्रेटिसनेही काही लिहिलं नाही. चार्वाकांचं तर विरोधकांनी खोडण्यासाठी उतरवलं तेवढंच आपल्या हाती आहे. प्रश्न लिहिण्याचा नाही गं, वादाचा आहे.

मनू : गावात वाद होत नाहीत असं तुला कुणी सांगितलं?

ताई : पुस्तकांनी. त्यातल्या एकाने तर फार नुकसान केलं. प्लासीद टेम्पेल्स नावाचा बेल्जियन मिशनरी काँगोत होता. त्याचं 'बांटू तत्त्वज्ञान' १९४५ साली आलं. हेतू चांगलाच होता. युरोपात समज असा की आफ्रिकनांकडे नुसत्या अंधश्रद्धा आहेत. हा म्हणाला, नाही, त्यांच्याकडे अख्खं सत्ताशास्त्र आहे, म्हणजे 'असणं' काय याचा विचार; असणं म्हणजेच शक्ती असं ते मानतात. 'ते' म्हणजे कोण? सगळेच. लाखो माणसं आणि मत एक. शिवाय ते मत त्यांचं त्यांना नीट मांडता येत नाही, ते मिशनरीबाबा मांडून देणार!

मार्तिनिकचा कवी एमे सेझेर याने या पुस्तकाची कशी टर उडवली तेही ताईने रंगवून सांगितलं. बांटूंना मजुरी नको, घर नको, अन्न नको. तुम्ही त्यांच्या सत्ताशास्त्राचा मान राखा, ते खूश, असा निरोप वसाहतीच्या मालकांना मिळाला, हा सेझेरचा टोला. मला बड्या हॉटेलांच्या लॉबीतली वारली चित्रं आठवली. मी गप्प राहिलो.

ताई : आणि हे आफ्रिकनांनीच खोडलं, मी नव्हे. बेनिनचा पोलँ हूंतोंजी. १९७६ साली त्याने पुस्तक लिहून विचारलं, अख्खा समाज एकाच मताचा असतो असं आपण फक्त आफ्रिकेबद्दलच का मानतो? फ्रान्समधल्या सगळ्या शेतकऱ्यांना मिळून एक तत्त्वज्ञान असतं असं कुणी म्हणत नाही. तिथे देकार्त असतो, आणि देकार्तशी भांडणारेही असतात. तुमचा पेपर हाच घोळ घालणार. 'गोंड असं मानतात, माडिया तसं मानतात', थोडक्यात वर्णन करा, गुण दहा.

मनू : हूंतोंजीचं बरोबर आहे. पण त्याच सुमाराला नैरोबीत हेन्री ओडेरा ओरुका काय करत होता? तो खेड्यांत गेला, म्हाताऱ्या माणसांसमोर बसला. 'तुमचे लोक काय मानतात' हे विचारून थांबला नाही. तुम्हाला स्वतःला काय वाटतं, आणि का वाटतं, असं खोदत राहिला. जमातीचं शहाणपण नुसतं छान सांगणारे त्याने वेगळे काढले आणि त्या शहाणपणावरच प्रश्न घेणारे वेगळे. पॉल म्बुया अकोको नावाचे लुओ जमातीतले एक वृद्ध त्याला म्हणाले की लुओंचा देव वेगळा आणि गोऱ्यांचा वेगळा हे दोघांचंही चुकतं. देव अनेक असते तर निसर्गात अशी एकसारखी रीत दिसलीच नसती.

ताई : (थोडं थांबून) हे आपल्या नैयायिकांच्या जातीचं आहे.

मनू : म्हणजे बसू द्यायचं वर्गात?

ताई : अकोकोंना बसू दे. ते स्वतःच्याच लोकांशी भांडले. पण ते केनियात झालं. गडचिरोलीतून असा कुणी आण.

मनूने आधी नागपूरचंच नाव घेतलं. मोतीरावण कंगाली. रिझर्व्ह बँकेत नोकरी करता करता या माणसाने गोंडी भाषा आणि कोया पुनेम या गोंडांच्या धर्मविचारावर पुस्तकांमागून पुस्तकं लिहिली. चार देव, पाच देव, सहा देव, सात देव अशी गोंडांची सगा-व्यवस्था, समान देवसंख्येच्या कुळांत लग्न वर्ज्य, कुळागणिक एखादं झाड, एखादा प्राणी राखायची जबाबदारी. या सगळ्याकडे चालीरीतींची यादी म्हणून न बघता एक रचलेला विचार म्हणून त्यांनी बघितलं, असं मनूचं म्हणणं. ताईने कंगाली वाचले होते, हे मला नवीन होतं.

ताई : सगाबद्दलचं विचार करायला लावणारं आहे. पण सिंधू लिपी गोंडीतून वाचता येते हा त्यांचा दावा मला अजिबात पटत नाही.

मनू : तो लोकांच्या अस्मितेचा…

ताई : थांब. तिथेच तुझी चूक होते. अस्मितेचा विषय निघाला की तू वाद मिटवतेस. कंगालींनी दावा केला, पुरावा मांडला. तो मला अपुरा वाटतो आणि तसं मी तोंडावर म्हणेन, कारण मी त्यांना विद्वान मानते. तुम्ही लोक त्यांच्या फोटोला हार घालता आणि पान उलटत नाही.

मनूला हे लागलं. मग तिने जे सांगितलं ते कुठल्या पुस्तकातलं नव्हतं.

धानोरा तालुक्यातलं एक गाव, नाव तिने घेतलं नाही. ग्रामसभेत विषय होता की यंदापासून मोहाच्या झाडाखालचा पाला जाळायचा नाही. वणवा बहुतेक तिथूनच पसरतो हे गावात पोरालाही ठाऊक. एक म्हातारी बसल्या जागेवरून म्हणाली, मला नाही जमणार. जंगलातली पाच झाडं तिच्या वहिवाटीची. मोह पहाटे गळतो. खाली पाला असला की फुलं त्यात दडतात, आणि रोज झाडून काढायला कंबर लागते. घरात दुसरं कुणी नाही, मुलगा कामाला चंद्रपूरला. शिवाय तिला आग वाईट वाटतच नव्हती. आगीमागून गवत चांगलं येतं, तेंदूला फुटवे येतात. बाप जाळायचा, आजा जाळायचा, जंगल होतंच की.

मनू : मतदान असतं तर ती एकटी आणि बाकी सगळे. दोन मिनिटांत विषय संपला असता. पण तिथे मेंढ्यासारखंच आहे, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत निर्णय नाही. सभा उठली. पुढच्या सभेत एक जण तिला म्हणाला, तुझ्या आज्याच्या वेळी जंगल केवढं होतं आणि आता केवढं आहे? ती म्हणाली, आज्याने जाळलं म्हणून कमी झालं, की ठेकेदाराने कापलं म्हणून? यावर कुणाला बोलता आलं नाही. पुन्हा सभा उठली. त्याच्या पुढच्या सभेत ठरलं की जाळायचं नाही, तिच्या पाच झाडांखाली पोरं झाडून देतील, आणि ज्या दिवशी पोरं येणार नाहीत त्या दिवशी तिला जाळायची मुभा. ती हो म्हणाली. आणि लगेच म्हणाली, आग वाईट आहे असं मी म्हटलेलं नाही हं, नुसतं जाळणार नाही म्हटलंय.

ताईने चष्मा काढून पुसला. वर्गातही ती असंच करायची, असं तिचे विद्यार्थी सांगतात.

मेंढ्याचा उल्लेख आला तर थोडं सांगतो. मेंढा (लेखा) हे धानोरा तालुक्यातलंच छोटं गोंड गाव. २००९ साली तिथल्या ग्रामसभेला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. देशात असा हक्क मिळालेल्या अगदी पहिल्या गावांत ते येतं. एकमताइतकाच त्यांचा अभ्यासगटही लक्षात ठेवण्याजोगा आहे. तिथे बाहेरच्या कुणालाही बोलवा, हवं तेवढं बोला, वाद घाला, पण निर्णय म्हणून काही घ्यायचा नाही. निर्णय ग्रामसभेतच. समजून घेणं आणि ठरवणं यांना अशा दोन बैठका आपल्या किती संस्थांनी दिल्या आहेत, हे मला तरी माहीत नाही.

मनू : घानाचा क्वासी विरेडू अकान लोकांच्या सभांबद्दल अगदी हेच लिहितो. एकमत म्हणजे सगळ्यांना एकच गोष्ट खरी वाटणं असं नाही. काय करायचं एवढ्यापुरतं जुळलं की पुरे. सत्य काय यावरचा मतभेद ज्याचा त्याच्यापाशी राहतो. त्या आजीने नेमकं तेच केलं. आत्या, तुझ्या हूंतोंजीला ज्याची धास्ती होती ते एका साच्याचं मत इथे आहेच कुठे?

ताई : विरेडू मी वाचलाय. दोन डोक्यांची मगर, पोट एकच, ही अकानांची म्हण तो देतो. दोन्ही तोंडं घासासाठी भांडतात, पण घास जाणार एकाच पोटात. नायजेरियाच्या इमॅन्युएल एझेने त्यावर बोट ठेवलं. पोट एकच आहे हे ठरवलं कुणी? गावातल्या धडधाकट माणसाचं आणि त्या म्हातारीचं पोट एक आहे? ही गोष्ट ज्याचं चालतं तोच सांगतो, आणि इतका गोड सांगतो की ऐकणाऱ्यालाही खरी वाटते. मतदानात हरलेला निदान हरलेला म्हणून मोजला तरी जातो. एकमतात तो दिसतच नाही. मला एवढंच सांग. तिसऱ्या सभेत तिला पटलं, की ती थकली?

इथे मी ताईच्या बाजूला झुकलो होतो. आमच्या गृहनिर्माण सोसायटीचे सगळे ठराव एकमताने होतात. रात्री साडेदहाला कुणाच्या डोळ्यांवर झोप आली यावर ते ठरतं.

मनू : मी विचारलं होतं तिला.

ताई : मग?

मनू : म्हणाली, तुमच्या घरी हे दोन वेगळं असते काय?

ताई मोकळेपणाने हसली. पण सोडलं नाही.

ताई : उत्तर झकास आहे. पण हा टोला झाला, युक्तिवाद नाही. युक्तिवाद तिने सभेत केला तो. आज्याने जाळलं म्हणून, की ठेकेदाराने कापलं म्हणून. कारण आणि सहज सोबत घडलेली गोष्ट यांतला फरक तिने दाखवला. तो पेपरात घे. टोला घेतलास की ती म्हातारी पोस्टरवर जाईल.

चहा झाला. मला वाटलं मिटलं. पण मनूने आता तोच धागा थेट न्यूझीलंडपर्यंत नेला. तिथली वांगानुई नदी २९० किलोमीटरांची. तिच्या काठच्या माओरी जमाती नदीला आपली पूर्वज मानतात, डोंगरापासून समुद्रापर्यंत एकसंध, सजीव. नदीवरच्या हक्कासाठी एकोणिसाव्या शतकापासून अर्ज, खटले, आयोग झाले. २०१७ साली संसदेने कायदा करून नदीला व्यक्तीचा दर्जा दिला. तिच्या वतीने बोलायला दोन माणसं, एक जमातींनी सुचवलेलं, एक सरकारने. भरपाई ८ कोटी न्यूझीलंड डॉलर, नदीच्या आरोग्यासाठी आणखी ३ कोटी.

मनू : संसदेतल्या सगळ्यांना नदी पूर्वज वाटते असं थोडंच आहे? तिच्याशी कसं वागायचं यावर जुळलं. विरेडूचंच झालं ना हे?

ताई : आपल्याला यात अप्रूप वाटायचं कारण नाही. देवळातली मूर्ती कायद्याने व्यक्ती आहे हे आपल्याकडे प्रिव्ही कौन्सिलने १९२५ सालीच मानलं. वांगानुईला वकील मिळाले, ठीक. पाणी मिळालं का? तिच्या उगमाकडचं पाणी वीज प्रकल्पासाठी वळवलेलं आहे, आणि या कायद्याने आधीच्या परवान्यांना हात लावलेला नाही.

मी विचारलं, आपल्याकडे गंगेचंही असं काही झालं होतं ना? झालं होतं. मार्च २०१७ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा आणि यमुनेला व्यक्ती ठरवलं, आणि जुलैत सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. पूर आला तर नुकसानभरपाई कुणाकडून मागायची, ही त्या राज्य सरकारची एक अडचण होती. दोघींनी मला एवढं सांगितलं आणि पुन्हा एकमेकींकडे वळल्या.

मनू : नियमगिरी घे. ओडिशातले डोंगरिया कोंध, डोंगराचा राजा म्हणजे नियमराजा, माथ्यावरचं झाड तोडायचं नाही. त्याच माथ्यावर बॉक्साइट. एप्रिल २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, ग्रामसभांना विचारा. बारा गावांत सभा झाल्या, बाराही गावांनी नाही म्हटलं. नियमराजा आहे की नाही, यात न्यायालय शिरलंच नाही.

ताई : तेच मला खुपतं. न्यायालयाला शिरायची गरज नव्हती, तत्त्वज्ञाला आहे. न्यायालयाने विचारलं, ही यांची श्रद्धा आहे का? आहे, मग संरक्षण द्या. ते म्हणतात ते खरं आहे का, हे कुणी विचारलं? कुणीच नाही. तू विचारलंस? तुला स्वतःला डोंगर राजा वाटतो?

मनू : नाही वाटत. पण माथ्यावरचं बॉक्साइट पावसाचं पाणी धरून ठेवतं, उन्हाळ्यात झरे त्यावर चालतात. त्यांच्या नियमामागे…

ताई : हं, आलीस! म्हणजे नियमराजाला भूगर्भशास्त्राचा जामीन लागतो. उद्या एखाद्याने सिद्ध केलं की खाणीमुळे झऱ्यांना काही होत नाही, मग राजा पायउतार?

मनू बराच वेळ बोलली नाही. मला वाटलं, अडकली.

मनू : नाही. झऱ्याचं कारण मी कोर्टासाठी वापरते, माझी सवय आहे ती. डोंगरिया तसं मांडत नाहीत. राजाने नियम दिले, ते पाळतो म्हणून आम्ही इथले, असं ते म्हणतात. आजीला घरात का ठेवतो याचं कारण आपण तिच्या पेन्शनमध्ये शोधत नाही ना? पेन्शन आहे, उपयोगीही पडते. ती बंद झाली तरी आजी घरातच. डोंगर काय आहे हा प्रश्न तुझ्याकडे पहिला येतो आणि त्याच्याशी कसं वागायचं हा दुसरा. त्यांच्याकडे क्रम उलटा आहे. आधी देणं कुणाचं लागतो ते कळतं, तो कोण आहे ते त्यानंतर.

ताई : कर्तव्य आधी, सत्ताशास्त्र नंतर. (पुन्हा चष्मा.) लेव्हिनास नावाच्या फ्रेंच माणसाने हेच म्हणण्यात आयुष्य घालवलं. पण तो माणसाच्या चेहऱ्यापाशी थांबला, डोंगराला चेहरा देणं त्याला जमलं असतं असं मला वाटत नाही. हे मांड. हे वादाला उभं राहील. आणि आता अवघड प्रश्न घे, तुझ्याच जिल्ह्यातला. सूरजागड.

एटापल्ली तालुक्यातला सूरजागडचा डोंगर माडियांच्या ठाकूरदेवाचा. दर जानेवारीत आसपासच्या गावांची तिथे यात्रा भरते. डोंगरात लोहखनिज आहे, २०१६ पासून तिथे खाण आहे, आणि ग्रामसभांचा विरोध असूनही ती चालू आहे.

ताई : इथेही देव आहे, डोंगर आहे, लोकही तसेच. निकाल मात्र उलटा. म्हणजे निकाल तुमच्या जगाकडे बघण्याच्या रीतीवर लागतच नाही.

मनू : नाही लागत. इथला खाणपट्टा २००७ चा, वनहक्काचे नियम आले २००८ मध्ये. निकाल कागदांच्या तारखांवर लागतो, पोलीस ठाणी कुठे आहेत त्यावर लागतो. ते मला तुझ्याकडून शिकायला नको.

ताई : आणि खाणीत डंपर चालवणारी पोरं? माडियाच ना ती?

मनू : त्यातलीही आहेत. आमच्या एका कार्यकर्त्याचा चुलतभाऊ चालवतो.

ताई : का चालवतो, विचारलंस?

मनू : पगार. दुसरं काय सांगणार? आणि जानेवारीत सुटी टाकून यात्रेलाही जातो.

ताई : सेझेर नेमकं हेच सांगत होता. मजुरी मागणारा माणूस तुमच्या 'आदिवासी तत्त्वज्ञाना'त बसत नाही, म्हणून तुम्ही त्याला बाहेर ठेवता. नियमगिरीचे बारा ठराव तुमच्या पेपरात येतील, हा ड्रायव्हर येणार नाही.

मनू : तो एकच माणूस आहे, आत्या. देवाला जाणारा आणि पगार घेणारा अशा दोन रांगा तू केल्यास. त्याने नाही केल्या.

ताई : केल्या नाहीत हे तुला कसं कळलं? तू त्याला फक्त पगाराचं विचारलंस. ज्या डोंगराला तो नारळ फोडतो त्याचीच माती रोज डंपरमध्ये भरतो, हे तो स्वतःशी कसं बसवतो? काहीतरी बसवत असणारच. वाईट बसवत असेल, अर्धवट बसवत असेल, रात्री झोप लागत नसेल. तिथे खरा विचार चाललाय. आणि तो मला तुझ्याकडून नको, त्याच्या तोंडून हवा.

मनू : मग चल जानेवारीत. यात्रेतच भेटेल.

ताई : अगं, माझे गुडघे…

मनू : गाडी जाते आता बऱ्याच आतपर्यंत. खाणीच्या ट्रकांसाठी रस्ता केलाय.